धुऱ्यावरची वाघी अन् बाजेखालची सोनी

मेडशीत आवडाबाईचं नाव निघालं की लोक आधी म्हणतात, बाई हिमतीची. मग जरा थांबून म्हणतात, पण त्या कुत्र्यांच्या बाबतीत चुकलीच. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही तिच्या घरात एक दिवस काढलेला नाही. पारावर बसून दुसऱ्याच्या घरचा न्याय करायला कोणाचं काय जातं? काय झालं ते आधी नीट ऐका, मग काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

घर गावाच्या शेवटाला. मागचं दार उघडलं की थेट शेत, मध्ये एक कडुनिंब आणि त्याच्याखाली बाज. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, सोयाबीन निघालं की हरभरा. मावळतीच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेजारी हरीओमची तूर. तुरीच्या पुढे नाला, आणि नाल्यावरच्या पुलावरून धावणारा अकोला-वाशीम रस्ता. घरात माणसं दोनच, आवडाबाई आणि तिचा नवरा दौलतराव. मुलगा दिनेश वाशीमला बियाण्याच्या दुकानात कामाला, सून अंजू तिथंच लहान मुलांच्या शाळेत शिकवते. दोघं रविवारी औषधं घेऊन यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे.

दौलतराव एके काळी काय माणूस होता म्हणून सांगू! अख्खी हयात त्यानं जागलीत काढली. पीक दाण्यावर आलं की मचाणावर चढायचा आणि रानडुकरांवर, रोह्यांवर, म्हणजे नीलगायींवर, अशी हाळी द्यायचा की शेजारच्या शेतातलं जनावरही पळ काढायचं. शेजारी फुकटात झोपून घ्यायचे आणि सकाळी त्याला चहा पाजायचे. बायकोशी बोलणं कामापुरतं. तिला नावानं हाक मारणं तर त्याच्या बापजाद्यांतही नव्हतं. 'दिनेशची माय' म्हटलं की झालं.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी बैलांची नावं गेली, मग सोयऱ्यांची, मग दिनेशचं. एके दिवशी आवडाबाई ताट घेऊन समोर आली तर त्यानं हात जोडून, अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?" अंजू तिथंच उभी होती, म्हणून आवडाबाई हसली. पण नंतर गोठ्यात जाऊन ती जी रडली, ते गाईलाच माहीत. त्या दिवसानंतर 'दिनेशची माय' ही हाकही त्या घरात पुन्हा कोणी ऐकली नाही.

डोकं विसरलं, पण पाय काही विसरले नाहीत. दौलतराव उठायचा आणि चालायला लागायचा. एकदा स्टँडवर सापडला, एकदा अकोल्याच्या गाडीत बसला तो कंडक्टरनं परतीच्या गाडीत बसवून पाठवला. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आता असंच राहणार, फक्त लक्ष ठेवा. चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवा म्हणावं इतक्या सहज ते बोलले. पण ज्या बाईला एकटीनं गाईचं करायचं, शेताचं करायचं, पाणी द्यायचं, स्वयंपाक करायचा, तिनं लक्ष ठेवायचं तरी कोणत्या डोळ्यानं? दिनेशनं बापाला वाशीमला नेऊन पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत म्हातारा असा काही घाबरला की दिवसभर जिन्याच्या दाराला धडका देत राहिला. शेवटी आणला परत.

मग आवडाबाईनं जे केलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, पण गावाला कळायचं ते कळलंच. शेतात जाताना ती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं नवऱ्याचा पाय बाजेला बांधायची. तो भांडायचा नाही. गाठीकडे बघत बसायचा. एक दिवस मात्र तिच्याकडे मान वर करून म्हणाला, "बैलाले बांधलं तं वैरन बी टाका लागते, बाई." तिनं गाठ सोडली, पट्टी चुलीत घातली आणि ठरवलं की मेली तरी आता बांधणार नाही. बांधलं नाही, तर दोनच दिवसांत म्हातारा परत गायब. तिनं दुसरी पट्टी फाडली. सांगा आता, काय करायचं तिनं?

त्यात रानडुकरं. आदल्या साली हरभरा घाट्यावर आला, शेंगा भरल्या आणि कळपानं एका झपाट्यात अर्धं शेत उकरून टाकलं. ते वाचवायला आवडाबाई एकदाच, फक्त एकदाच जागलीला गेली. परत आली तर बाजेवर नुसती पट्टी, माणूस नाही. सकाळी गावापलीकडच्या तुरीत सापडला, थंडीनं काकडलेला, कोणाच्या तरी शेतात जागल करत बसलेला. त्या दिवशी ती दिनेशला फोनवर म्हणाली की माझ्यानं आता होत नाही. शेत राखलं तर माणूस जातो, माणूस राखला तर शेत जातं. मी कुठं कुठं मरू?

आणि मग कुत्र्याचा विषय निघाला. दोन बाजूंनी, एकाच आठवड्यात. दुर्दैव यायचं तर ते असं चांगुलपणाच्या रूपात येतं.

आवडाबाईनं आधीच पलीकडच्या तांड्यावरच्या लखीरामला सांगून ठेवलं होतं. लखीराम कुत्र्यांतला दर्दी, कारवानी जातीची कुत्री बापापासून पाळत आलेला. त्यानं एक तरणी कुत्री आणली. नाव वाघी. लांब पाय, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं, कातडी तुळतुळीत, आणि डोळे सतत लांबवर कुठं तरी. अंगाला हात लावू देईना, शेपूट हलवेना. लखीरामनं साफ सांगितलं की ही लाडाची नाही, कामाची आहे. शेतात डुक्कर शिरू देणार नाही, परक्याला फिरकू देणार नाही, आणि घरच्या माणसावर कधी भुंकणार नाही.

त्याच रविवारी दिनेश आणि अंजू ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आले आणि गाडीतून उतरली एक लॅब्राडॉर. अंजूच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरची. त्या लोकांची बदली लांब झाली होती, कुत्री नेता येत नव्हती आणि चांगलं घर शोधत होते. जाडजूड, पिवळसर, लोंबत्या कानांची, आल्या आल्या सगळ्यांचे हात चाटून मोकळी. तिचं कसलंसं इंग्रजी नाव होतं. दौलतराव बाजेवर होता. ती सरळ गेली, त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिथंच बसली. म्हाताऱ्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, रंग बघितला आणि म्हणाला, "सोनी." अंजूनं दिनेशचा हात धरला. कारण त्या माणसानं कोणालाही कुठल्याही नावानं हाक मारली त्याला वर्षं लोटली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, विसरला असेल. नाही विसरला. सकाळी उठल्याबरोबर, "सोने." जेवताना आपल्या ताटातली भाकर मोडून एक तुकडा खाली, बाजेखाली, सोनीला आणि एक आपल्या तोंडात. आवडाबाईला त्याला दोन घास भरवायला नाकी नऊ यायचे, तो माणूस आता अख्खी भाकर संपवत होता.

दोन्ही ठेवल्या असत्या की, असं आता लोक म्हणतात. अहो, ते काय तिला सुचलं नसेल? दोघींना एका अंगणात सोडलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वाघीनं सोनीचा कान फाडला. सोनी तर उलट भांडलीसुद्धा नाही, नुसती बाजेखाली जाऊन कण्हत बसली. लखीराम म्हणाला, एका दारात या दोघी जगणार नाहीत, एक ठरवा. तिकडून त्या बदलीवाल्यांचाही निरोप आला की अकोल्याचं एक घर तयार आहे, तुमचं नक्की नसेल तर आत्ताच सांगा. दिनेशनं आठ दिवस मागून घेतले. तोवर वाघी शेतात साखळीला, सोनी बाजेखाली.

त्या आठ दिवसांत आवडाबाईनं सोनीची परीक्षाच घेतली म्हणा ना. पाय न बांधता ती मुद्दाम शेतात गेली आणि आडून बघत राहिली. दौलतराव उठला. सोनी उठली. तो निघाला, तीही निघाली, शेपूट हलवत, जणू दोघं बाजाराला चालले. भुंकली नाही, अडवलं नाही, धोतर ओढलं नाही. आवडाबाई धावत स्टँडवर पोचली तर दोघं राजपालच्या हॉटेलापुढे बसलेले, म्हातारा बिस्किट मोडून एक तिला, एक स्वतःला. लोक हसत होते. आवडाबाईला मात्र कोणी तरी तोंडात मारल्यासारखं झालं.

राजपाल तिला म्हणाला, "काकू, कुत्रं मोठं गुनी हाय. रस्ता आला का खालीच बसते. मंग बुढाबी बसते. तिनं त्याले पल्याड जाऊ देल्लं नाई." शहरातल्या घरात वाढलेली कुत्री ती, रस्त्याच्या कडेला थांबायची सवय तिला लहानपणीच लागलेली. आवडाबाईनं हे शब्द कानांनी ऐकले. पण तिचं मन तेव्हा भलत्याच रागात होतं. ज्या कुत्रीनं माणूस अडवायचा, तीच त्याच्याबरोबर गाव फिरते, हिला खायला घालून काय करू? ती नवऱ्याचा हात धरून घराकडे निघाली, आणि राजपालचं बोलणं तिथंच हॉटेलापुढे राहिलं.

रविवारी निकाल लागला. अंजू जीव तोडून सांगत होती की आई, बाबा तिला नावानं हाक मारतात, याचा काही तरी विचार करा. दिनेश आळीपाळीनं दोघींकडे बघत होता. आवडाबाईनं मात्र ठरवलं होतं, आणि तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. वाघीनं शेत राखलं की जागलीची कटकट गेली, मग मी आहेच की नवऱ्यापाशी. ती म्हणाली, "मानूस मानसानं राखावं, वावर कुत्र्यानं. ते पिवळं सोबतीचं हाय, राखनीचं नाई. मले सोबत नाई पायजे, मले राखन पायजे."

तिला सोबत नको होती. पण त्याला?

गावातली गल्ली नळाच्या पाइपासाठी खोदून ठेवलेली होती, म्हणून दिनेशनं गाडी पुलाजवळ रस्त्यावर लावली होती. सोनीला दोरीनं धरून त्यानं मागच्या दारानं नेलं, हरभऱ्यातून, मावळतीच्या धुऱ्यावरून, हरीओमच्या तुरीतून. ती दर चार पावलांवर मागं वळून बघत होती. दौलतराव तिच्या मागं मागं धुऱ्यापर्यंत गेला आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिथंच उभा राहिला. आवडाबाईनं हाताला धरून त्याला परत आणलं. तो बाजेवर बसला आणि वाकून खाली बघितलं.

आता वाघीला धुरा दाखवायचा होता. राखणीचं नवं कुत्रं आलं की शेताच्या मालकानं त्याला दोरीनं धरून चारी धुऱ्यांवरून रोज फिरवायचं, प्रत्येक कोपऱ्याच्या दगडापाशी भाकरीचा तुकडा द्यायचा आणि पाय धुऱ्याबाहेर पडला की झटका देऊन मागं ओढायचं. म्हणजे कुत्र्याला कळतं, राखायचं ते एवढंच, याच्या पलीकडे आपलं काही नाही. हे काम मालकाच्याच हातानं व्हावं लागतं. आवडाबाईला धाकधूक होती, पण दोरी हातात आली आणि दौलतराव बदललाच. कुठं वळायचं, कुठला दगड कोपऱ्याचा, त्याला एकदाही सांगावं लागलं नाही. वाघीनं मावळतीच्या बाजूला धुऱ्याबाहेर पाय टाकला की तो दोरी ओढायचा आणि म्हणायचा, "आं हां. आपलं अठीच सरलं." पंधरवड्यात वाघी दोरीशिवायही धुऱ्याबाहेर पाऊल टाकेना. लखीरामनं पाहिलं आणि म्हणाला, बुढ्याच्या हाताला अजून पूर्वीचंच कसब आहे. आवडाबाईला किती दिवसांनी बरं वाटलं.

आणि वाघीनं खरंच नाव काढलं. डुकरं आली की ती अशी तुटून पडायची की कळप हरीओमच्या शेतातून परत फिरायचा. हरभरा गुडघ्याला लागला. जागल सुटली. आवडाबाई बाजेशेजारीच निजायला लागली. एकच कुरबुर होती. दौलतराव परत जेवेनासा झाला आणि अर्धी भाकर बंडीच्या खिशात कोंबायला लागला. खिशात रोज चुरा, मुंग्या. ती रोज बंडी झटकायची आणि चिडचिड करायची की हे काय नवीन लहान लेकरावाणी. भाकर कोणासाठी ठेवून राह्यला, हे तिच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या रगाड्यात कोणाच्या आलं असतं, ते मला सांगा.

तो दिवस पाण्याच्या पाळीचा होता. त्या आठवड्यात मोटारीची लाइन, म्हणजे वीज, दुपारची होती. लाइन आली की धावायचं, स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचे, कारण लाइन गेली की हरभरा तसाच तहानलेला. आवडाबाईनं नवऱ्याला जेवू घातलं, कडुनिंबाखाली बाजेवर बसवलं आणि पाय बांधायला पट्टी घेतली. मग तिनं ती परत दोरीवर टाकली. शेतातून बाज दिसतेच की. आणि सोनी गेल्यापासून तो उठून कुठं गेलाही नव्हता.

ती पाइप जोडत होती तेव्हा वाघी मावळतीच्या धुऱ्यावर भुंकायला लागली. आवडाबाईच्या मनात आलं, रोही आला असेल हरीओमच्या तुरीत. आणि खोटं कशाला सांगू, तिला समाधानच वाटलं. बरं झालं हिलाच ठेवलं, असं ती स्वतःशी म्हणाली. पाणी उडत होतं, मोटारीचा आवाज होता, ती पाठ वळवून नोझल साफ करत राहिली. वाघीचं भुंकणं काही थांबेना. जरा लांबलेलं, शेवटी कुंई केल्यासारखं. पण घरच्या माणसावर ती कधी भुंकत नाही, हे तर लखीरामनंच सांगितलं होतं. म्हणजे जनावरच असणार.

पाइप झाले. तिनं वर बघितलं. बाज रिकामी होती.

तिनं आधी घरात बघितलं, मग गोठ्यात, मग धावली ती गावाकडे, कारण आजवर दर वेळी तो गावाच्याच बाजूनं गेला होता. स्टँड, मारुतीचं देऊळ, राजपालचं हॉटेल. राजपाल म्हणाला, आज नाही आले. पोरं निघाली, माणसं निघाली, सगळी गावाच्या अंगानं. कोणी तरी जाता जाता तिला म्हणालंसुद्धा की तुमचं कुत्रं केव्हाचं भुंकून राह्यलं. ती म्हणाली, भुंकू द्या, रोही असल. तिच्या तोंडून हे शब्द गेले. ते आता ती परत कुठून आणणार?

फोन करून बोलावलेला लखीराम उन्हं कलताना आला. तो अंगणात उभा राहिला, नुसता कान देऊन. मग म्हणाला, "वयनी, हे जनावरावरचं भुकनं नोहे. हे बोलावून राह्यली."

धुऱ्यावर वाघी उभी होती. पुढचे दोन पाय धुऱ्याच्या कडेला रोवलेले, नखांनी माती उकरून खळगा केलेला, घसा बसलेला. एक पाऊल ती पुढं टाकायची आणि मागं घ्यायची. मालकानं आपल्या हातानं शिकवलं होतं, आपलं इथंच सरलं. म्हणून मालक पलीकडे गेला तेव्हा ती गेली नाही. जेवढं तिला करता येत होतं तेवढं तिनं केलं होतं, दुपारभर.

तुरीतून वाट पडली होती. दौलतराव पुलाखाली नाल्यात सापडला, रस्त्याच्या कडेवरून घसरलेला, शुद्धीवर, एक पाय अंगाखाली मुडपलेला. त्याच्या बंडीच्या खिशात अर्धी भाकर होती, न मोडलेली. आवडाबाईनं ती बघितली. मग वर पुलाकडे बघितलं, जिथं त्या दिवशी गाडी उभी होती, आणि तिला राजपालचं बोलणं आठवलं. रस्ता आला की सोनी बसते, मग म्हाताराही बसतो. ती तिथंच नाल्यातल्या दगडांवर खाली बसली आणि लखीरामला म्हणाली, "भाऊ, म्या त्याले नाई बांधलं, अन् त्याची सोबतबी काढून घेतली. काहून घेतली म्या?" लखीराम खाली वाकला. त्यानं म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं.

वाशीमला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी दिनेशला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात, या अवस्थेत ऑपरेशन झेपायचं नाही, आणि झेपलं तरी चालायला शिकवायचं कोणाला? घरी न्या, जपा. आणला घरी. बाज आत घेतली. आता कुठं जाण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या राखणीसाठी एवढं रामायण झालं, ती राखण आता लागतच नव्हती.

दिनेशनं अकोल्याला फोन केला. ती माणसं वाईट नव्हती, पण म्हणाली की पोरांना तिचा इतका लळा लागलाय, आता कसं द्यायचं? दिनेश हट्टाला पेटला होता. आवडाबाईनंच थांबवलं. एका घरातून एकदा ओढून काढलं ते पुरे झालं, म्हणाली.

दौलतराव खाईना. ताट पुढं केलं की तोंड फिरवायचा, मान लटकवून बाजेखाली बघायचा आणि हळूच म्हणायचा, "सोने." चमच्यानं दिलं तर थुंकायचा. अंगावर हाडं दिसायला लागली. दिनेशनं वाघीला दोरीनं आत आणून पाहिलं. ती उंबऱ्यातच अंग चोरून उभी राहिली, डोळे दाराकडे. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला परत शेतात सोडलं तेव्हा ती सुटल्यासारखी धुऱ्याकडे पळाली. हरभरा मात्र त्या साली झाला, असा झाला की लोक बघायला आले. आवडाबाईनं त्यातला एक घाटाही तोंडात टाकला नाही.

एका दुपारी त्यानं ताटाला हात मारला आणि वरण खाली सांडलं. आवडाबाई फडकं घेऊन बाजेखाली वाकली. पुसता पुसता तिच्या डोक्यावर हात आला. खडबडीत, वाळलेला हात. डोक्यावरून पाठीवर, परत डोक्यावर. "सोने," तो म्हणाला. "आलीस व?"

ती हलली नाही. फडकं हातातच राहिलं. वर भाकर मोडल्याचा आवाज झाला आणि तुकडा धरलेला हात खाली तिच्या तोंडापाशी आला. तुकडा तिच्या ओठाला लागला. मग तिनं तोंड उघडलं आणि तुकडा घेतला. त्यानं दुसरा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग परत एक खाली. असं करत त्यानं अर्धी भाकर खाल्ली.

तेव्हापासून तेच चाललंय. जेवणाची वेळ झाली की आवडाबाई बाजेखाली जाऊन बसते. साठीकडे झुकलेली बाई, गुडघे दुखतात, तरी बसते.

रविवारी अंजू अचानक आत आली आणि तिनं ते पाहिलं. सासू जमिनीवर, मान वर केलेली, सासऱ्याच्या हातून घास घेणारी. ती दाराला धरून रडायला लागली. आवडाबाईनं तोंडातला घास गिळला आणि तिला हातानंच गप्प केलं.

"रडू नोको व," ती म्हणाली. "नाव कोनाचंबी असो. हाक तं मलेच मारून राह्यला ना."

वरून पुढचा तुकडा आला, आणि तिनं मान वर केली.